वाड्याच्या उघड्या सज्ज्याची दुरुस्ती: राखाडी पडलेल्या सागवानी फळ्यांना पुन्हा तेल आणि रंग

खानदेशातल्या जुन्या वाड्यांचा विषय निघाला की धाब्याची माती, कडीपाट आणि दाराची कोरीव चौकट यांच्याबद्दल भरभरून बोलले जाते. माडीपुढचा उघडा लाकडी सज्जा मात्र बोलण्यातून निसटतो आणि दुरुस्तीच्या यादीतूनही निसटतो. वर्षानुवर्षे ऊन आणि पाऊस सोसून त्याच्या फळ्या राखेच्या रंगाच्या होतात, कडा उलतात, अनवाणी चालणाऱ्याच्या पायात कुसळे घुसतात, आणि मग एक दिवस घरातले कोणीतरी म्हणते की हे लाकूड आता संपले, काढून टाका आणि लोखंडी अँगलवर फरशी बसवा. यावल-चोपड्याच्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये असे धडधाकट सज्जे उतरवून वखारीत गेलेले मी पाहिले आहेत. वखारीत त्याच राखाडी फळीवरून रंधा फिरला की आतून मधासारखा पिवळसर साग निघतो आणि तो चांगल्या भावाने विकला जातो. फळी काढायला सुतार बोलावण्याआधी हा लेख वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.

आमच्या घरचा सज्जा २२ फूट लांब, ५ फूट रुंद आणि पश्चिमेकडे तोंड असलेला आहे. पुढे दिलेली बहुतेक मापे त्याच्या अनुभवावर आधारलेली आहेत. हेच काम अंगणातल्या लाकडी ओट्याला, गच्चीवरच्या फळ्यांच्या बैठकीला किंवा झोक्याच्या पाटालाही जवळजवळ तसेच लागू पडते.

लाकूड राखाडी का पडते

लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक असतो. उन्हातले अतिनील किरण प्रथम त्याच्यावर काम करतात. लिग्निन तुटले की पाऊस त्याचे अवशेष धुऊन नेतो, पृष्ठभागावर सुटे झालेले फिकट तंतू उरतात, त्यांच्यात धूळ आणि सूक्ष्म बुरशी बसते आणि फळी राखाडी दिसू लागते. हे सगळे फक्त वरच्या थरात घडते, कारण किरण लाकडात मिलिमीटरच्या काही अंशापलीकडे शिरत नाहीत. चाकूच्या टोकाने फळीवर एक बारीक ओरखडा काढून पाहावा. नखाच्या जाडीच्या आतच सागाचा मूळ रंग दिसू लागला, तर ती फळी म्हातारी दिसत असली तरी आतून शाबूत आहे.

कुजणे ही याहून वेगळी गोष्ट आहे. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा सतत लागतो. सज्ज्याची वरची बाजू पावसात भिजली तरी खानदेशच्या उन्हात ती लवकर वाळते, म्हणून कूज तिथे क्वचितच सुरू होते. ती सुरू होते पाणी अडून राहते तिथे, म्हणजे फळी आणि तिला खालून पेलणारी कडी (आडवी तुळई) यांच्या सांध्यात, भिंतीत शिरलेल्या कडीच्या टोकाशी आणि वर्षानुवर्षे न हललेल्या कुंडीखाली. डोळ्यांना खुपणारी राखाडी छटा वरवरची असते आणि खरा धोका नजरेआड असतो, हे लक्षात ठेवूनच तपासणी करायची असते.

कामाचा हंगाम

आपल्याकडे घराची रंगरंगोटी कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या) आधी करण्याची रीत आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तोवर भिंती पोतलेल्या, भांडी घासलेली आणि घर लखलखीत असावे लागते. भिंतींसाठी ते ठीक आहे, पण त्या झपाट्यात सज्ज्याच्या फळीलाही ब्रश फिरवला जातो आणि तिथेच घात होतो. श्रावणात लाकूड ओलाव्याने फुगलेले असते. त्यावर तेल लावले तर ते आत मुरत नाही, आणि व्हॉर्निश लावले तर आतला ओलावा पुढच्या उन्हात बाहेर पडताना ते पापुद्र्यासारखे उचलून धरतो.

दुसरे टोक आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे. लेकी माहेरी येणार, झोके बांधले जाणार, म्हणून चैत्र-वैशाखात काम उरकावे असे वाटते. त्या दिवसांत लाकूड कोरडे असते हे खरे, पण जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी फळीवर पाय ठेववत नाही. इतक्या तापलेल्या लाकडावर रंगतेल ब्रशखालीच सुकू लागते, ते आत शिरत नाही आणि जोडाचे काळपट पट्टे कायमचे राहतात.

दिवाळीनंतर तीन आठवड्यांपासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. पावसाळ्याचा ओलावा तोवर निघून गेलेला असतो आणि दुपारचे ऊन सौम्य असते. पहाटे दव पडते, म्हणून तेल लावण्याचे काम सकाळी दहानंतर सुरू करून दुपारी तीनपर्यंत थांबवावे, म्हणजे संध्याकाळच्या गारव्याआधी ते धरते. दोन सुया टोचून ओलावा दाखवणारे मॉइश्चर मीटर मिळाले तर उत्तमच; फळीत १५ टक्क्यांहून कमी ओलावा दिसल्याशिवाय शेवटचे तेल लावू नये.

आधी खालून पाहावे

सज्ज्यावर चढण्यापूर्वी त्याच्याखाली उभे राहावे. बॅटरीच्या उजेडात प्रत्येक कडी तिच्या भिंतीतल्या टोकापर्यंत पाहावी. मातीच्या भिंतीत शिरलेले टोक हे सज्ज्याचे सर्वांत दुबळे ठिकाण असते, कारण भिंतीतली ओल आणि वाळवी या दोघींची वाट तिथूनच जाते. पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी कडीवरून चढताना दिसली तर ती वाळवीची समजावी. ती फोडून आत हालचाल आहे का हे पाहावे आणि वाळवीचा बंदोबस्त झाल्याशिवाय पुढच्या कामाला हात घालू नये. ज्या लाकडातून पिठासारखा बारीक भुसा गळतो आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसतात, तिथे किडा आहे. सागाच्या गाभ्याच्या लाकडाला तो सहसा लागत नाही, पण फळीच्या कडेला राहून गेलेले पांढरट, कोवळे लाकूड त्याला आवडते.

नंतर टोचा घेऊन बसावे. सुताराकडचा अणकुचीदार टोचा नसेल तर जुना स्क्रूड्रायव्हरही चालतो. टोक लाकडात तिरपे खुपसून किंचित उचकटावे. चांगले लाकूड लांब चिरफळी देऊन आणि आवाज करून निघते. कुजलेले लाकूड आवाज न करता, वाळक्या भाकरीच्या चुऱ्यासारखे तुकड्यातुकड्यांनी तुटते. ही परीक्षा प्रत्येक कडीच्या दोन्ही टोकांवर, प्रत्येक फळीच्या खिळ्याजवळ आणि कठड्याचा खांब जिथे फळीत उतरतो तिथे करावी. संशयाच्या जागी खडूने खूण करावी. कडीचे टोक कुजलेले असेल किंवा कठडा हाताने हलत असेल, तर ते काम जाणत्या सुताराचे आहे. तो येऊन खालून टेकू देईपर्यंत सज्ज्यावर कोणालाही, विशेषतः मुलांना, जाऊ देऊ नये.

याच वेळी पाणी कुठून येते तेही शोधावे. आमच्याकडे चार फळ्या इतर सगळ्यांपेक्षा काळ्या पडल्या होत्या. वरच्या पन्हाळीचा सांधा तिथेच ठिबकत होता, आणि तो बदलला नसता तर खालचे सगळे श्रम दोन पावसाळ्यांत वाया गेले असते.

फळ्या, खिळे आणि ठिगळे

जुन्या फळ्यांवर खिळ्यांभोवती निळसर-काळी वलये दिसतात. सागातले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि खिळ्याचे लोखंड ओलाव्यात एकत्र आले की तो काळा रंग तयार होतो. वर आलेला खिळा पुन्हा ठोकून बसवण्यात अर्थ नसतो, कारण त्याचे भोक सैल झालेले असते आणि पुढच्या उन्हाळ्यात तो परत डोके वर काढतो. तो काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळी स्क्रू बसवावा. सागात, आणि त्यातही जुन्या वाळलेल्या सागात, आधी बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू पिळला तर फळीचे टोक हमखास फाटते. खालच्या कड्या अंजनाच्या असतील तर भोक पाडण्याला पर्यायच नाही. ते लाकूड इतके घट्ट असते की स्क्रूचे डोकेच तुटून हातात येते.

एखादी फळी वरून फार झिजली असेल तर ती फेकण्याआधी उलटी करून पाहावी. खालच्या बाजूला ऊन लागलेले नसते, त्यामुळे अनेकदा तिथे पिढ्यांपूर्वीचा सुताराचा रंधा जसाच्या तसा दिसतो. आमच्या २६ फळ्यांपैकी ९ फळ्या मी नुसत्या उलटवून बसवल्या आणि नवे लाकूड फक्त दोन ठिकाणी लागले.

फळीचा एखादा भागच कुजला असेल तर तेवढा भाग कडीच्या बरोबर मध्यावर कापावा, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही तुकड्यांना बसायला आधार मिळतो. ठिगळासाठी वखारीतला जुना सागच घ्यावा, तोही त्याच जाडीचा. नवा साग पुढे वेगळ्या प्रमाणात आकसतो आणि रंगही वेगळाच धरतो. खपलीएवढ्या खळग्यांसाठी इपॉक्सी आणि सागाचाच भुसा यांची लुकणी (खळगे भरायचा लगदा) वापरता येते. नेहमीचा पांढरा गोंद आणि भुसा यांची लुकणी उघड्यावर टिकत नाही, पहिल्याच पावसात ती मऊ होते.

फळ्यांमधल्या फटी मात्र बुजवू नयेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे. लाकूड रुंदीत फुगते आणि आकसते. ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत साग वाढीच्या वलयांच्या दिशेने ५ ते ६ टक्के आकसतो. वैशाखातली कोरडी फळी आणि श्रावणातली फुगलेली फळी यांत, ६ इंची रुंदी धरली तर, सुमारे २ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. फट लुकणीने भरली तर फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही, त्या एकमेकींना रेटून कमानीसारख्या उचलतात आणि पाण्याला खाली जायची वाटही बंद होते. पुन्हा बसवताना दोन फळ्यांमध्ये ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा खिळा आडवा धरावा, स्क्रू पिळून झाले की तो काढून घ्यावा.

जुना ऑइल पेंट असेल तर

अनेक सज्ज्यांवर कधीतरी हिरवा किंवा चॉकलेटी ऑइल पेंट चढलेला असतो. भारतात घरगुती रंगांमधले शिसे ९० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच काम करावे. असा रंग कोरडा घासू नये आणि ब्लो लॅम्पच्या ज्योतीने जाळू तर अजिबात नये, कारण शिशाची धूळ आणि वाफ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. रंग काढण्याचे रसायन लावून किंवा पाणी शिंपडत, पृष्ठभाग ओला ठेवून खरवडावे, खाली प्लास्टिक अंथरावे, निघालेला चुरा पिशवीत बंद करावा आणि गर्भवती स्त्रिया व मुले यांना त्या दिवशी घरात दुसऱ्या बाजूला ठेवावे.

धुणे

या टप्प्यावर घाई करणारे लोक प्रेशर वॉशर आणतात. पाण्याचा तो झोत सुट्या तंतूंबरोबर सागाचा मऊ भागही खणून काढतो आणि फळीवर नांगरटीसारख्या सऱ्या पडतात. तारेचा ब्रशही नको. त्याचे सूक्ष्म लोखंडी कण लाकडात रुततात आणि ओलाव्यात काळे ठिपके देतात. भांडी घासायचा सौम्य द्रव साबण, बादलीभर पाणी आणि नायलॉनचा ताठ ब्रश एवढ्यावर पहिली धुलाई होते. ब्रश लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चालवावा. पाणी काळे निघत राहते, तोवर धुवावे.

धुऊनही काळे डाग राहिले तर ते कशाचे आहेत हे आधी ओळखावे. कपड्यांच्या ब्लीचचा पाण्यात पातळ केलेला एक थेंब डागावर टाकावा. मिनिटाभरात डाग फिका झाला तर ती बुरशी, आणि तसाच राहिला तर ती लोखंडाची काळी खूण. हे ब्लीच परीक्षेपुरतेच वापरावे आणि ती जागा लगेच भरपूर पाण्याने धुवावी, कारण सगळी फळी ब्लीचने धुतली तर तंतू कमकुवत होतात.

लोखंडाचे डाग आणि उरलेली राखाडी छटा यांच्यावर ऑक्झॅलिक ॲसिड खरोखर प्रभावी आहे. रसायनांच्या दुकानात ते साखरेसारख्या पांढऱ्या कणांच्या रूपात मिळते. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर गरम पाण्याला ८० ते १०० ग्रॅम या प्रमाणात ते विरघळवावे. रबरी हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच हे काम करावे. सज्जा आधी साध्या पाण्याने ओला करावा, मग द्रावण ब्रशने एकसारखे पसरावे, एखाद-दुसऱ्या डागावरच नव्हे तर पूर्ण फळीवर, नाहीतर फिके चट्टे उमटतात. १५ ते २० मिनिटे ते वाळू न देता ठेवावे. काळी वलये डोळ्यांसमोर विरघळत जातात आणि करड्या पाण्याखालून पिवळसर साग वर येतो. नंतर तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे.

येथे एक धोका फारसे कोणी सांगत नाही. सज्ज्याखालच्या चौकात शहाबादी फरशी असेल तर ती चुनखडीच्या दगडाची असते. ऑक्झॅलिक ॲसिडचे पाणी तिच्यावर पडले की पांढरट ओघळ उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. चुन्याच्या भिंतीचेही तसेच होते. खाली प्लास्टिक अंथरून पाणी एका बाजूला काढून द्यावे, तुळस आणि इतर झाडे झाकावीत, गुरांचे पाण्याचे टाके दूर असावे. हे रसायन विषारी आहे. उरलेले कण साखरेच्या किंवा मिठाच्या जुन्या बरणीत कधीही ठेवू नयेत, आणि ब्लीच व हे ॲसिड एका बादलीत कधीही एकत्र करू नये.

धुतल्यानंतर सज्जा सावलीत वाळू द्यावा. डिसेंबरात आम्ही शेतातली हिरवी शेडनेट कठड्यावर बांधली आणि पाच दिवस थांबलो. एकदम कडक उन्हात वाळवले तर फळीची वरची बाजू आधी आकसते आणि टोकांना चिरा जातात.

घासणे

पाण्याने सागाचे तंतू उभे राहतात आणि फळीवरून तळहात फिरवला तर खरखरीत लव लागते. ती काढायला ६० नंबरचा पॉलिश पेपर घ्यावा, मग ८० आणि शेवटी १००. याहून बारीक पेपर उघड्या जमिनीच्या फळीला वापरू नये. फर्निचरसारखी गुळगुळीत फळी दिसायला छान असते, पण तिची रंध्रे मिटतात, तेल वरच राहते, आणि पावसात त्यावरून पाय घसरतो. भाड्याने सँडर मशीन मिळाले तर एका दिवसात काम होते. ते एका जागी थांबवू नये आणि फळीच्या रेषेला आडवे चालवू नये.

सागाची धूळ नाकाला आणि त्वचेला झोंबते, काहींच्या अंगावर गांधीही उठतात, म्हणून तोंडाला नुसता रुमाल बांधण्यापेक्षा धूळ रोखणारा मास्क वापरावा. ऑक्झॅलिक ॲसिड नीट धुतले गेले नसेल तर तेही या धुळीत मिसळते, हे मास्कचे आणखी एक कारण.

जुन्या फळ्यांवर हातरंध्याच्या किंवा वाकसाच्या (लाकूड तासायच्या हत्याराच्या) लाटा असतात. त्या घालवण्यासाठी घासत बसू नये. राखाडी थर निघाला, पायाला कुसळ लागेनासे झाले, की थांबावे. जितके लाकूड राखले जाईल तितक्या वेळा हे काम पुढे पुन्हा करता येईल. शेवटी धूळ ब्रशने झाडून, व्हॅक्युम असेल तर ओढून, किंचित ओलसर कापडाने पुसून घ्यावी.

काय लावावे

सर्वांत जास्त चुका या निर्णयात होतात. आमच्या भागात दाराला आणि झोक्याच्या पाटाला शेंगदाण्याचे किंवा तिळाचे गोडेतेल चोळण्याची जुनी सवय आहे. ही तेले सुकत नाहीत. ती लाकडात ओलसर राहतात, धूळ धरतात, चिकट होतात आणि खवट वास देतात. जवसाचे तेल वेगळे आहे. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून लाकडाला ते शतकानुशतके लावले जात आले आहे. मात्र कच्चे जवस तेल सुकायला अनेक दिवस, कधी आठवडे घेते. रंगाच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड तेल दोन-तीन दिवसांत सुकते.

चकचकीत व्हॉर्निश किंवा पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) उघड्या सज्ज्याला लावू नये, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या खेपेला मला एका कारागिराने तेच सुचवले होते आणि पहिली दिवाळी सज्जा आरशासारखा दिसला. पण पारदर्शक थरातून अतिनील किरण आरपार जातात, खालचे लिग्निन तुटते, आणि थराला धरून ठेवणारा पृष्ठभागच सुटा होतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर व्हॉर्निशचे नखाएवढे पापुद्रे निघू लागले, त्यांच्या कडेने पाणी आत गेले आणि तिथली फळी काळी पडली. असा थर एकदा फुटला की त्यावर नवा चढवता येत नाही. सगळा खरवडावा लागतो. आत मुरणारे रंगतेल पापुद्रा धरत नाही, ते हळूहळू विरळ होते, आणि धुऊन एक हात फिरवला की पूर्ववत होते. सज्ज्यासाठी टिकाऊपणाची माझी कसोटी हीच आहे.

किरण अडवण्याचे खरे काम तेल करत नाही, तेलातला रंगकण करतो. म्हणून नुसते तेल न लावता अर्धपारदर्शक रंगछटा असलेले, बाहेरच्या लाकडासाठी बनवलेले वुड स्टेन घ्यावे. तांबडी हिरमजी आणि पिवळी रामरज या मातीच्या रंगांत लोहाचे ऑक्साइड असते आणि ते अतिनील किरण चांगले शोषते. जुन्या माणसांनी लाकडाला गेरू-तेल लावण्यामागे हा गुण होताच. वरून छप्पर असलेल्या सज्ज्याला मी आजही घरी बनवलेले मिश्रण लावतो: दोन भाग डबल बॉइल्ड जवस तेल, एक भाग टर्पेंटाइन, आणि एका लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास बारीक वस्त्रगाळ हिरमजी व रामरज. जिथे पाऊस सरळ पडतो तिथे मात्र तयार स्टेनच घ्यावे, कारण जवसाच्या तेलावर बुरशी वाढते आणि तयार मालात बुरशीनाशक मिसळलेले असते.

लावण्याची पद्धत

डबा उघडल्यावर तळाशी बसलेला रंगकण काठीने वर आणून ढवळावा आणि काम चालू असताना दर दहा मिनिटांनी पुन्हा ढवळावा. आधी कोपऱ्यातल्या एका फळीवर हातभर लावून, दोन दिवस वाळवून रंग पाहावा. ओला रंग नेहमी गडद दिसतो. साग तेलकट असल्यामुळे स्टेन लावण्याच्या तासभर आधी थिनरने भिजवलेल्या कापडाने फळी पुसली तर ते अधिक चांगले धरते.

एका वेळी दोनच फळ्या घ्याव्यात आणि त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण कराव्यात. मध्येच थांबले तर ओल्या-सुक्याचा जोड दिसतो. फळीची कापलेली टोके आधी दोनदा माखावीत, कारण तोंडाकडून लाकूड कित्येक पट पाणी ओढते. फटींमध्ये बारीक ब्रश घालून कडा रंगवाव्यात, आणि फळ्या उलटवताना सुट्या केल्या असतील तर खालची बाजूही. १० ते १५ मिनिटांनी, लाकडाने जे प्यायचे ते प्यायले की, वर उरलेले सगळे स्टेन सुती कापडाने पुसून घ्यावे. ही पुसणी टाळण्याचा मोह होतो, पण वर राहिलेले तेलच पुढे चिकट राहते आणि सोलते. पहिला हात आमच्या ११० चौरस फुटांना सुमारे दीड लिटर लागला, दुसरा एका लिटरहून कमी. दोन हातांमध्ये किमान २४ तास जावेत, थंडी असेल तर ४८. त्यानंतर दोन दिवस अनवाणी चालणेही टाळावे आणि जड बैठक आठवड्याने ठेवावी.

तेलाने माखलेल्या चिंध्यांबद्दल मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण खानदेशात तो प्रश्न इतर ठिकाणांहून गंभीर आहे. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते. चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर ती उष्णता आत कोंडते आणि कोणी काडी न लावता तो बोळा पेट घेऊ शकतो. नेमक्या याच महिन्यांत भावाची वाट पाहत अनेक घरांच्या खोल्यांत कपाशी भरून ठेवलेली असते. काम संपताच प्रत्येक चिंधी पाण्याच्या बादलीत बुडवावी, किंवा उघड्यावर दगडावर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावी. माडीवर, कपाशीच्या खोलीजवळ किंवा कचऱ्याच्या डब्यात ती एक तासही ठेवू नये. कपाशीचा दुसरा त्रास लहान आहे: वेचलेल्या कापसाचे तंतू हवेत उडून ओल्या तेलावर बसतात, म्हणून स्टेन लावण्याच्या दिवशी चौकात कापसाची गाडी खाली करू नये.

दरवर्षीची देखरेख

दिवाळीची झाडलोट झाली की फळीवर चमचाभर पाणी टाकावे. थेंब गोल राहिले तर काही करण्याची गरज नाही. पाणी दोन-तीन मिनिटांत मुरून फळी काळसर झाली, तर साबणाने धुऊन, वाळवून, १०० नंबरचा हलका हात फिरवून स्टेनचा एकच पातळ हात द्यावा. पश्चिमेकडच्या बाहेरच्या तीन फळ्यांना आमच्याकडे हे दरवर्षी लागते, आतल्या फळ्या दोन-तीन वर्षे थांबतात. सगळा सज्जा एकाच वेळी करण्याचा हट्ट नसावा. कुंड्यांना विटेचे पाय द्यावेत आणि दर महिन्याला त्यांची जागा बदलावी. पावसाळ्याआधी पन्हाळीतला कचरा काढावा आणि फटींमध्ये अडकलेली निंबाची पाने पातळ पट्टीने खाली ढकलावीत.

घरी मिश्रण बनवत असाल तर हिरमजी आणि रामरज यांचे वजन, तेलाचे माप आणि तारीख सज्ज्याखालच्या एखाद्या कडीच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन-पाऊस पोहोचत नाही तिथे, सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहून ठेवावी. आमच्या तिसऱ्या कडीवर आता चार वर्षांच्या चार ओळी आहेत. त्यांतल्या दुसऱ्या वर्षी रामरज १० ग्रॅम जास्त पडली होती, आणि त्या वर्षीच्या फळ्या अजूनही शेजारच्या फळ्यांपेक्षा किंचित पिवळ्या दिसतात.